सपाटीला वारा मालक

मी मूळची सांगलीची. पावसाळ्यात ‘आयर्विन पुलाला पाणी किती फूट?’ या प्रश्नाने जिथे दिवस उजाडतो, त्या गावची. लेक नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये आर्नहेमला असते. उन्हाळ्यात तिच्याकडे जाणं झालं की मी आणि माझी वहिनी, दोघी पन्नाशी पार केलेल्या, आयसेल नदीच्या काठाने सायकली हाकत निघतो. आयसेल ही ऱ्हाइनचीच एक शाखा. ऱ्हाइनच्या पाण्याचा साधारण नववा हिस्सा घेऊन ती आर्नहेमजवळ वेगळी होते आणि सुमारे सव्वाशे किलोमीटर उत्तरेकडे वाहत एका सरोवराला मिळते. वाटेत डूसबुर्ग, झुटफेन, डेव्हेंटर, हाटम, झ्वोले आणि कांपन ही जुनी व्यापारी गावं लागतात. मध्ययुगात ही सगळी हान्सा या उत्तर युरोपातल्या व्यापारी संघात होती. रस्ता तळहातासारखा सपाट, गावं फार तर चाळीस किलोमीटरच्या टप्प्यावर, नदी कायम सोबतीला. एवढं सोयीचं असूनही काही गोष्टी तिथे चाकं फिरवल्यावरच कळतात. त्या क्रमाने सांगते.

१. सपाट आहे म्हणून सोपं समजू नका. आधी वारा बघा.

घाटात एक न्याय असतो. चढ चढलात की उतार मिळतो. वाऱ्याकडे असली काही उधारी-वसुली नाही. समोरून लागला तर दिवसभर लागतो, आणि संध्याकाळी त्याचा मोबदलाही देत नाही. अडवायला डोंगर नाही, झाडी तुरळक, त्यामुळे मोकळ्या बांधावर वारा सरळ छातीवर येतो. अशा वेळी ताशी पंधराचा वेग दहावर कधी आला ते कळत नाही, गुडघ्यांना मात्र कळतं.

नेदरलँड्समध्ये वर्षाचा बराच काळ वारा नैऋत्येकडून येतो. आयसेल वाहते उत्तरेला. म्हणजे आर्नहेमहून निघून कांपनकडे जायचं आणि परतताना सायकल रेल्वेत घालायची, हा शहाण्याचा मार्ग. तरीही निघायच्या दिवशी सकाळी वाऱ्याची दिशा बघायचीच. वसंतात तो पूर्वेकडून किंवा ईशान्येकडूनही येतो, आणि मग कांपनहून उलटं निघण्यात काही कमीपणा नाही.

पाठीवरचा वारा आणखी एक खोड करतो. तो लागतच नाही. आपले पाय आज फारच जोरात आहेत असं वाटत राहतं. नदी मोठं वळण घेते, रस्ता फिरतो, आणि पायातला जोर कोणाचा होता ते कळतं. समोरच्या वाऱ्यात बांधावरून खाली उतरावं. बऱ्याच ठिकाणी बांधाच्या पायथ्याशी, वस्तीच्या बाजूने दुसरा रस्ता असतो. नदी दिसत नाही, पण बांधाची आड मिळते.

२. गावांची नावं पाठ करू नका, आकडे लिहून घ्या.

तिथे सायकलींच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात, त्या प्रत्येक नाक्याला नंबर दिलेला असतो. हिरव्या-पांढऱ्या पाट्यांवर पुढच्या नाक्याचा नंबर आणि बाण. घरून निघताना नकाशावर नंबर जोडत जायचं आणि रस्त्यात फक्त पाट्या बघत राहायचं. ही कल्पना शेजारच्या बेल्जियममधली. तिथल्या लिंबुर्ग प्रांतातल्या एका खाण अभियंत्याने खाणीतल्या बोगद्यांच्या खुणांवरून ती सायकलींसाठी उचलली, आणि १९९०च्या दशकात ती रुजली. कोळशाच्या खाणी बंद पडल्या. जमिनीखाली माणसाला वाट दाखवणारी युक्ती मात्र वर येऊन कामाला लागली.

माझी पद्धत अगदी साधी. कागदी चिकटपट्टीवर बॉलपेनने त्या दिवसाचे नंबर लिहायचे आणि ती पट्टी हँडलच्या मधोमध चिकटवायची. एक नाका गेला की अंगठ्याच्या नखाने त्या आकड्यावर रेघ ओढायची. मोबाइल खिशात राहतो, बॅटरी वाचते आणि मान वर राहते. आकडे ९९च्या पुढे जात नाहीत, त्यामुळे तोच नंबर दुसऱ्या भागात पुन्हा भेटू शकतो. म्हणून नंबरासोबत मधल्या एखाद्या मोठ्या गावाचं नावही लिहून ठेवावं.

३. बांधावरून चाललाच आहात, तर बांध वाचायला शिका.

आयसेलच्या काठाने बहुतेक वेळ तुम्ही उंच मातीच्या बांधावरून जात असता. एका हाताला घरं, चर्च, सफरचंदाच्या बागा. दुसऱ्या हाताला रुंद कुरण आणि त्यापलीकडे नदी. नीट पाहिलं तर कुरणाच्या टोकाला पाण्यालगत आणखी एक बुटका बांध दिसतो. हा उन्हाळ्याचा बांध. उन्हाळ्यातलं थोडंफार वाढलेलं पाणी तो अडवतो. हिवाळ्यात नदी त्याला ओलांडून कुरणात पसरते, आणि मग तुमच्या चाकांखालचा उंच बांध तिला अडवतो. मधली जमीन म्हणजे आमच्याकडची मळी. उन्हाळ्यात तिथे गाई आणि हंसांचे थवे चरतात, हिवाळ्यात तिथे पाणी असतं, आणि हे सगळ्यांना मान्य असतं.

१९९३ आणि १९९५मध्ये तिथल्या नद्यांना मोठे पूर आले. १९९५मध्ये सुमारे अडीच लाख माणसांना घरं सोडायला लावली होती. मोठे बांध टिकले, पण सरकारने धसका घेतला. शेकडो वर्षांचा उपाय एकच होता : बांध अजून उंच करा. त्यानंतर मात्र नदीला जागा मोकळी करून द्यायची असा कार्यक्रम हाती घेतला गेला आणि तिसाहून अधिक ठिकाणी कामं झाली. झुटफेनजवळ कॉर्टेनूव्हरला नवा बांध आत सरकवून बांधला आणि जुना काही भागात खाली उतरवला. हाटमच्या अलीकडे तर शेतांमधून सुमारे आठ किलोमीटर लांबीची पुराची वाटच आखून ठेवली आहे. तिच्या तोंडाशी दारं असलेला लांबलचक पूल कोरड्या जमिनीवर उभा दिसतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, नदी इथून कुठे गेली? ती कुठे गेलेली नाही. ती आली तर तिला जाता यावं म्हणून ही सोय.

तिथे उभं राहिलं की वहिनी हमखास म्हणते, “आपल्याकडे पण रेषा आखल्यात की गं.” आखल्यात खऱ्या. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. २००५ आणि २०१९ला कृष्णेचं पाणी घरात घेतलेल्या माणसाला त्या रेषांच्या आत काय काय उभं राहिलंय ते सांगावं लागत नाही. आयसेल आणि कृष्णा यांची बरोबरी होणार नाही हे मलाही कळतं. आमच्याकडे पावसाळ्याच्या काही महिन्यांत वर्षाचा बहुतेक पाऊस पडतो आणि वर धरणं आहेत. पण नदीची जमीन रिकामी ठेवली तर ती पडीक राहत नाही, हे त्या कुरणातल्या गाई बघून पटतं.

४. गाव आधी समोरच्या काठावरून बघा.

ही गावं नदीकडे तोंड करून बांधलेली आहेत, कारण गिऱ्हाईक नदीतून यायचं. महामार्गाने किंवा स्टेशनातून गावात शिरलात, तर तुम्ही मागच्या दाराने आलात. डेव्हेंटर पूर्वेच्या काठावर आहे. तुम्ही पश्चिमेच्या काठाने या, झाडांखालच्या बाकावर टेका आणि समोर बघा. धक्का, त्यामागे घरांची रांग, आणि त्यावर डोकं काढलेला लेबुइनुस चर्चचा बुरूज. मग छोट्या नावेत सायकल चढवा आणि पलीकडे जा. दोन मिनिटांचा प्रवास आहे, पण गावात रीतसर पुढच्या दाराने शिरता.

याच डेव्हेंटरच्या पुलाने एकदा सोंगही घेतलं होतं. ‘अ ब्रिज टू फार’ या युद्धपटात जो आर्नहेमचा पूल दिसतो, तो इथला. १९७६च्या चित्रीकरणाच्या वेळी आर्नहेमच्या पुलाभोवती आधुनिक इमारती झाल्या होत्या, आणि डेव्हेंटरचा परिसर युद्धाच्या काळाला शोभणारा होता.

कांपन त्याच्या उलट, पश्चिमेच्या काठावर. तिथे रेल्वे स्टेशन नदीच्या पलीकडे असल्याने आगगाडीने येणाऱ्यालाही आपसूक समोरून दर्शन होतं. पुलाची मोठी सोनेरी चाकं आणि त्यामागे वेशी, बुरूज, कौलं. २०१६मध्ये इथल्याच पात्रातून पंधराव्या शतकातलं एक लाकडी मालवाहू जहाज बाहेर काढलं. अशीच जहाजं मीठ, मासे, लाकूड, कापड घेऊन थेट बाल्टिक समुद्रापर्यंत जायची. पुढे नदीचं मुख गाळाने भरत गेलं आणि व्यापार ॲमस्टरडॅमकडे सरकला. पैसा आटला, म्हणून जुनं पाडून नवं बांधायची ऐपत राहिली नाही. आज आपण कौतुकाने फोटो काढतो त्या कित्येक भिंती गावाच्या पडत्या काळामुळे वाचल्या आहेत.

५. एका गावात एकच गोष्ट निवांत बघा.

चार तास सायकल चालवून आलेल्या माणसाने संग्रहालयांची यादी संपवायला जाऊ नये. पाय थकलेले असताना डोळेही थकलेले असतात. एका गावाला एक गोष्ट, हा हिशेब आम्हा दोघींना मानवला.

झुटफेनला ती गोष्ट म्हणजे साखळ्यांची लायब्ररी. वालबुर्गिस चर्चला लागून १५६०च्या दशकात बांधलेली एक खोली आहे. खाली फरशी, वर कमानी, मध्ये तिरप्या लाकडी मेजांच्या रांगा. मेजांवर जाडजूड ग्रंथ, आणि प्रत्येकाच्या पुठ्ठ्याला लोखंडी साखळी अडकवून तिचं दुसरं टोक मेजावरच्या दांडीला ओवलेलं. पुस्तक उघडता येतं, वाचता येतं, बगलेत मारून नेता येत नाही. मेज उभ्या माणसाच्या छातीइतकं उंच आहे, पण पुढ्यात बाकही आहे. म्हणजे आलेल्याने बसून वाचावं अशी अपेक्षा होती. फरशीवर एके ठिकाणी पंजाचे ठसे आहेत. उपासाच्या दिवसांत कोंबडीवर ताव मारणाऱ्या एका साधूला कुत्र्याच्या रूपात सैतान भेटायला आला, त्याचे म्हणे ते पाय. वहिनी त्या ठशांकडे बघून म्हणाली, “आपल्याकडे साबुदाण्याची सोय होती म्हणून बरं, नाहीतर घरोघरी ठसे उमटले असते.”

डेव्हेंटरला १५२८मध्ये बांधायला घेतलेलं वजनघर आहे, मुख्य चौकातच. बाजारात आलेल्या मालाचं अधिकृत वजन इथे व्हायचं. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर एक मोठी तांब्याची कढई टांगलेली आहे. १४३४मध्ये खोटी नाणी पाडणाऱ्या एकाला तिच्यात उकळून मारलं, असं सांगतात. ज्या गावाचं पोट वजनावर आणि नाण्यावर चालतं, त्याने आपला कायदा भररस्त्यात लटकवून ठेवला.

डूसबुर्गला मोहरी दळून चटणी करण्याचा जुना कारखाना आहे. तिथे नाकातोंडातून पाणी आलं की आपण थेट फोडणीच्या प्रदेशात पोचतो.

६. गावोगावचे टोमणे गोळा करा.

झ्वोले आणि कांपन ही शेजारची गावं, त्यामुळे एकमेकांवर प्रेम बेताचंच. झ्वोलेवाल्यांना ‘निळी बोटं’ म्हणतात. त्यांनी म्हणे चर्चच्या घंटा कांपनला विकल्या आणि कांपनवाल्यांनी सगळी रक्कम तांब्याच्या चिल्लरीत चुकवली. ती मोजता मोजता झ्वोलेवाल्यांची बोटं निळी पडली. उलट कांपनवाल्यांच्या अकलेचे किस्से झ्वोलेत रंगवून सांगतात. बुरुजावर गवत उगवलं, तर ते कापून खाली आणायचं सोडून यांनी गाईच्या गळ्याला दोर बांधून तिलाच वर ओढली. कांपनवाल्यांनी हा टोमणा इतका मनावर घेतला की उन्हाळ्यात ते स्वतःच बुरुजावर खोटी गाय टांगतात. सांगली, मिरज आणि कोल्हापूरच्या माणसाला हे प्रकरण समजावून द्यायची गरज नाही. असे किस्से कॉफीच्या टेबलावर परक्याला आनंदाने ऐकवले जातात. विचारायला मात्र हवं.

७. रस्त्याची रीत निघण्याआधी अंगवळणी पाडा.

तिथे वाहनं उजवीकडून चालतात, हे डोक्याला पटतं पण वळताना शरीराला पटत नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर ‘उजवीकडे, उजवीकडे’ असं मोठ्याने म्हणावं. कोणी हसत नाही. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग रंगवलेली असेल आणि टोकं तुमच्याकडे असतील, तर थांबून समोरच्याला जाऊ द्यायचं. काहीच खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला. वळण्याआधी हात दाखवायचा, कारण मागून येणारा सायकलवाला त्यावर विसंबून असतो.

कुरणातल्या रस्त्यांवर गाई पलीकडे जाऊ नयेत म्हणून लोखंडी नळ्या आडव्या टाकलेल्या असतात. त्यांवरून सायकल सरळ रेषेत न्यायची, मध्ये वळायचं नाही, ब्रेक दाबायचा नाही. पावसात तर उतरून चालत जाणंच बरं. गावातले जुने विटांचे रस्तेही ओले झाले की निसरडे होतात. रविवारी बांधावर शर्यतीच्या सायकलींचे घोळके सुसाट येतात. घंटी ऐकली की दोघींनी एकामागे एक व्हायचं. शेजारी शेजारी चालत माहेरच्या गप्पा मारायला बाकीचे सहा दिवस आहेत.

८. नदी ओलांडायच्या आधी नावेची वेळ बघा.

पूल फक्त मोठ्या गावांजवळ. मधल्या खेड्यांत अजूनही नावा चालतात. गाड्या नेणाऱ्या मोठ्या तराफ्यांवर सायकललाही जागा असते. केवळ सायकली आणि पादचाऱ्यांसाठीच्या छोट्या नावा बहुधा उन्हाळ्याच्या हंगामातच असतात, आणि काही तर ठरावीक वारीच. नाव चुकली तर पुढच्या पुलापर्यंतचा फेरा पंधरा-वीस किलोमीटरचा होऊ शकतो, आणि तो कदाचित वाऱ्याविरुद्ध. सोमवारचंही ध्यानात ठेवा. लहान गावांतली बरीच दुकानं सोमवारी दुपारपर्यंत आणि बरीच संग्रहालयं दिवसभर बंद असतात.

९. पोट आणि बूड, दोन्ही सांभाळा.

सपाट रस्त्यावर सीटवरून उठायचं निमित्तच मिळत नाही. चढ असता तर उभं राहून पायडल मारलं असतं. त्यामुळे मांड्यांच्या आधी बूड बोलायला लागतं. अर्ध्या तासाने मुद्दाम उभं राहून चार वेळा पाय फिरवावेत. भाड्याने सायकल घेताना सीटची उंची दुकानातच बसवून घ्यावी आणि ब्रेक विचारून घ्यावा. काही सायकलींना हाताचा मागचा ब्रेक नसतो. पायडल उलटं दाबलं की चाक थांबतं. मागच्या चाकाचं कुलूप असतंच, शिवाय एक साखळी मागावी आणि ती खांबाला बांधावी.

कॉफी आणि सफरचंदाचा केक प्रत्येक गावात मिळतो, पण दोन गावांच्या मधे काही मिळेलच असं नाही. शेतघरांसमोर अंडी, बटाटे, चेरी ठेवलेली लाकडी कपाटं दिसतात. शेजारी पैशाचा डबा, माणूस कोणी नाही. त्यासाठी सुटी नाणी जवळ असावीत. आमच्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि राजगिऱ्याच्या वड्या असतात. शाकाहारी माणसाची ही बेगमी रोजच्या चीज-सँडविचपासून सुटका करते.

१०. कुठे थांबायचं ते सकाळीच ठरवा.

घाटातल्या रस्त्यावर थांबण्याचा निर्णय चढ घेतो. दम लागतो, आपण उतरतो. सपाटीवर कोणीच अडवत नाही. पुढचा बुरूज कायम दिसत असतो आणि कायम ‘जवळच’ वाटतो. त्या ओढीने माणूस आणखी वीस किलोमीटर रेटतो. मग गावात पोचतो तेव्हा चर्चला कुलूप, वजनघर बंद, आणि पायांत उभं राहायचं बळ नाही.

म्हणून मुक्कामाचं गाव आधी ठरवा आणि परतीची वाटही. झुटफेन, डेव्हेंटर, झ्वोले, कांपन इथे रेल्वे स्टेशन आहे. डूसबुर्ग आणि हाटमला नाही. सायकलसाठी वेगळं तिकीट लागतं, आणि कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळात, जुलै-ऑगस्ट सोडल्यास, सायकल डब्यात घेत नाहीत. दुपारी दोनला डेव्हेंटरला पोचलात आणि वारा फिरला असेल, तर झ्वोलेचा नाद सोडून गर्दीच्या आधीची गाडी पकडा. आर्नहेम ते कांपन हे अंतर कुणी आपल्यावर लादलेलं नाही. अर्धं केलं तरी झुटफेनची लायब्ररी पूर्ण बघून होते.